भ्याव वाटस का?

"भ्याव वाटस का?"

बांबूच्या परांचीवर पहिल्यांदा चढायला आलेल्या प्रत्येकाला आबा त्यांच्या अहिराणीत हे विचारत, भीती वाटते का म्हणून. प्रश्न विचारताना बांबूवर तळहात ठेवत, ताप पाहावा तसा. "वाटतं," म्हणालात तर चढायचं. "नाही," म्हणालात तर घरी जायचं.

असा उलटा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल. आमचा धुळ्यात होता, आणि आम्ही सगळे चित्र काढायला त्याच्याचकडे शिकलो. आबा सिनेमाचे मोठे फलक रंगवत. एका नटाचं नाक म्हणजे पुरुषभर उंचीचं. दोन मजले वर, दोरखंडाने बांधलेल्या फळीवर उभं राहून ते रंगवायचं. इतक्या जवळून चेहरा दिसतच नाही, दिसतात नुसते रंगाचे पट्टे. म्हणून आबा खाली रस्त्यापलीकडे उभे राहून सांगत, "डावा गाल भर. ओठ खाले ले." आणि मध्येच ओरडत, "भ्याव वाटस का?"

वरच्याने लगेच "वाटस, आबा!" म्हणायचं. उत्तराला उशीर झाला की त्याला खाली उतरवत.

एकदा तालमीतला एक गडी शिकायला आला. छाती काढून म्हणाला, "आबा, मी वाघालाही भीत नाही."

"मंग जंगलम्हा जाय," आबा म्हणाले. "आठे तुन्हं काय काम शे?"

आम्ही हसलो, आबा हसले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ याच कामात फळीवरून शीळ घालत चालायचा आणि तसाच एक दिवस खाली आला. "त्याले भ्यावच वाटे नही," एवढंच ते त्याच्याबद्दल बोलत.

मला मात्र भीतीची कमतरता नव्हती. पहिल्या दिवशी वर पोचलो आणि पोटऱ्या अशा लटपटल्या की फळी वाजायला लागली. खालून प्रश्न आला. माझ्या तोंडून उत्तराऐवजी रडणंच फुटलं. आबा खुशीत ओरडले, "ब्येस! आते रंग लाव."

पुढे मी मस्कतला गेलो, दुकानांच्या पाट्या रंगवायला. तिथे यंत्राचा पाळणा, कमरेला पट्टा. उंचीची भीती हळूहळू गेली. खरं सांगायचं तर ती दुसरीकडे खर्च होत होती. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. खोलीच्या मालकाकडचा फोन वाजला की आम्ही सगळे जेवता हात थांबवायचो, आज कुणाच्या घरची वाईट बातमी? एकदा दिवसभर पट्टा न अडकवता काम केलं. सोबत्याने सांगितलं तेव्हा मी हसलो. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

एके दिवशी फोन माझा निघाला. भिका बोलत होता, आमच्यातला सगळ्यात जुना शिष्य. "आबा गेले रे. घरी, खाटेवर." मला रजा मिळाली नाही.

वर्षश्राद्धाला मात्र आलो. सगळ्या शिष्यांनी मिळून देवपुरात आबा आम्हाला शिकवायचे त्या चित्रवर्गाच्या उंच भिंतीवर आबांचा चेहरा रंगवायचं ठरवलं होतं. डोळे मी रंगवावेत असं भिका म्हणाला. मीही त्यासाठीच समुद्र ओलांडून आलो होतो.

परांचीखाली अक्का उभ्या होत्या, आबांच्या पत्नी. त्यांनी बांबूवर तळहात ठेवला.

"भ्याव वाटस का?"

त्यांच्यासमोर खोटं बोलवेना. "नाही, अक्का."

"मंग खालेच ऱ्हाय. दोर धर."

परदेशातून आलेला मी सगळ्यांसमोर फळीचा दोर धरून उभा राहिलो. राग आला, लाजही वाटली. वर भिका कपाळ रंगवत होता. भिका आता पन्नाशीचा, दोन पोरींचा बाप. पांझरा नदीकडून वारा सुटला. फळी हलली. त्याच्या हातातला रंगाचा डबा निसटला आणि माझ्या पायाशी येऊन फुटला. वर मला भिकाचे फक्त पाय दिसत होते. एक फळीवर, दुसरा अधांतरी.

"भिका!" मी किंचाळलो. "भ्याव वाटस का?"

मी पुन्हा तेच ओरडलो.

हातातला दोर घामाने बुळबुळीत झाला. मला एकदम कळलं की आबा रोज हे असं खाली उभे राहात होते. आम्ही वर भीत होतो ते आपापल्या एका जिवाला. ते खाली आमच्या सगळ्यांसाठी भीत होते, आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

"वाटस!" वरून रडका आवाज आला. भिकाने बांबूला मिठी मारली होती. त्याला सांभाळून उतरवलं. मी मटकन खाली बसलो.

अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आते चढ," त्या म्हणाल्या.

वारा पडल्यावर चढलो. प्रत्येक बांबू दोनदा चाचपून. वर आबांचा कोरा डोळा माझ्या डोक्यापेक्षा मोठा होता. ब्रश रंगात बुडवला. मी खाली पाहिलं. रस्त्यापलीकडची त्यांची जागा रिकामी होती. अक्का तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कुणीच काही विचारलं नाही.

मग त्या रिकाम्या जागेकडे पाहून मोठ्याने ओरडलो, "वाटस, आबा!"

आणि बुबुळ रंगवायला घेतलं.