जांभळा टिळा

सुई टोचून झाली की डॉक्टर जांभळ्या औषधाच्या बाटलीवर अंगठा धरून ती उपडी करायचे आणि ओला अंगठा कुत्र्याच्या कपाळावर टेकवायचे. मग जमलेल्या माणसांकडे बघून म्हणायचे, "झालं. वर्षभर ह्यानं भ्यायचं नाही, तुम्हीही भ्यायचं नाही."

कुत्रं एव्हाना शेपूट घालून पळालेलं असायचं. माणसं मात्र खरंच थोडी सैलावायची. मी हे माझ्या दुकानाच्या पायरीवरून कितीतरी हिवाळे पाहिलं. पंचवटीच्या मागे नाल्याकाठी जी वस्ती आहे, तिच्या तोंडाशी माझं मेडिकल आहे. दिवाळी संपली की ते वस्तीतल्या कुत्र्यांना पिसाळण्यावरची लस द्यायला यायचे, आणि एरवी आठवड्यातून एकदा शेळ्या, गाढवं, कोंबड्या, जे समोर येईल ते तपासायला. सरकारी नोकरीत जनावरांचे डॉक्टर होते. निवृत्त झाले आणि लोक जसे सकाळी फिरायला जातात तसे हे वस्तीत यायला लागले.

कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. माझ्याकडून मात्र घ्यायचे. "ताई, उरलासुरला कापूस आहे का?" म्हणत काउंटरवर टेकायचे आणि काचेवर जांभळा अंगठा उमटवून जायचे. मी स्पिरिटनं काच पुसायची आणि बडबडायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "अहो, डॉक्टर आहात ना? हात धुवा की," मी म्हणायची. ते अंगठा उलटसुलट करून बघायचे, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

त्यांची एक गंमत तुमच्याही लगेच लक्षात आली असती. माणसांशी ते अगदी शाळामास्तरासारखं शुद्ध बोलायचे. जनावराजवळ उकिडवे बसले की मात्र बागलाणातलं त्यांचं गाव तोंडात यायचं. "काय व्हयनं माय? आठे ये. आठे ये ना." म्हणजे काय झालं, इकडे ये. विटा वाहून पाठ सोललेली गाढवीण असो की प्लास्टिक खाऊन फुगलेली शेळी, तिला अहिराणीतच विचारपूस. एकदा मी चिडवलं, "नाशिकच्या शेळीला अहिराणी कळते का?" ते म्हणाले, "शुद्ध मराठी तरी कुठं कळते? निदान मला तरी बरं वाटतं."

एवढं करून जनावरांनी त्यांच्यावर जीव टाकावा की नाही? छे! त्यांची जुनी स्कूटर वळणावर खोकली रे खोकली की वस्तीतली कुत्री हातगाड्यांखाली गडप. आयुष्यभर सुया टोचणाऱ्या माणसाला दुसरं काय मिळणार? ते हसायचे. "ओळखतात हो मला," म्हणायचे. पण एखादं कुत्रं दुसऱ्या कुणाचा हात चाटताना दिसलं की त्यांची नजर तिथं जरा जास्त वेळ राहायची, हे मी पाहिलं आहे.

सगळ्यांत बिलंदर होती चिंगी. कपाळ पांढरं, बाकी तांबडी. रामकुंडावर फुलं विकणाऱ्या लताबाईची ती कुत्री. लताबाईला मागेपुढे कुणी नाही. घरात ती आणि चिंगी, आणि दोघींची भांडणं आम्हाला दुकानात ऐकू यायची. चिंगी डॉक्टरांच्या हाताला कधी लागली नाही. पोळीच्या तुकड्यानं नाही, जाळीनं नाही, अहिराणीनं तर मुळीच नाही. स्कूटर येण्याच्या आधीच ती नाल्यापलीकडे जाऊन बसायची आणि तिकडून ह्यांची फजिती बघायची. डॉक्टर तिला हात करायचे. "एक दिवस येशील. स्वतःहून येशील बघ."

मग एका वर्षी बाहेरून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्यानं वस्तीतल्या एका लहान मुलीला चावा घेतला. मुलगी वाचली, पण वस्ती हादरली. काठ्या निघाल्या. कुणी लाडवातून विष घालायची भाषा करू लागलं. डॉक्टर माणसांच्या घोळक्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मला थोडे दिवस द्या. ज्याच्या कपाळावर टिळा, त्याला काठी लागता कामा नये."

"आन् ज्याला टिळा नाय?" एकानं विचारलं.

उत्तर त्या माणसानंच दिलं, "ते वस्तीत नाय राहणार."

ते दिवस डॉक्टरांनी कुत्र्यांच्या मागे पळून काढले. शेवटच्या दिवशी मदतीला पिंपळगावहून त्यांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. दोघं दोन टोकांनी वस्तीत शिरले. संध्याकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओरखडेच ओरखडे होते. "सगळी झाली, ताई. एक चिंगी राहिली. बाई अजून आतच आहेत, बघू त्यांना सापडते का."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले, आणि चिंगी लताबाईच्या दारात बसलेली. पांढऱ्या कपाळावर ठसठशीत जांभळा टिळा. डॉक्टरांना पाहताच ती पळाली ती पळालीच, पण ते तोंडभर हसत माझ्याकडे आले. "बघितलं? मला इतक्या वर्षांत जमलं नाही, बाईंना एका दिवसात जमलं. हाताला गुण असतो एकेकाच्या." आनंद खरा होता. थोडी असूयाही होती, आणि ती लपवायला त्यांना येत नव्हती.

उन्हाळ्यात एका दुपारी लताबाई त्यांना बोलवायला धावत आली. ते माझ्या दुकानापुढे एका शेळीचा खूर साफ करत होते. "डॉक्टर, चिंगीच्या नरड्यात हाड अडकलंय. काल धरनं पानी पन गिळंना." तिच्यामागे चिंगी चालत आली होती. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. ती लताबाईला ओलांडून सरळ डॉक्टरांपुढे येऊन उभी राहिली.

त्यांचा चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. इतकं सुख मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "आली! ताई, बघा, आली शेवटी!" ते तिच्यापुढे बसले. "आठे ये माय. काय व्हयनं?" आणि त्यांनी हाड शोधायला तिच्या तोंडात हात घातला. उघडा हात. टोचलेलं कुत्रं होतं ना ते.

घशात हाड नव्हतं.

त्यांनी हात बाहेर काढला आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिले. मग हळूच तिला लताबाईच्या ओट्याजवळच्या रिकाम्या खोलीत नेलं, दाराला कडी लावली, आणि माझ्या नळाखाली साबणानं हात धुवायला लागले. धुतच राहिले. "असं होऊ नये, ताई," एवढंच म्हणाले. "हिला टोचलंय ना?"

चिंगी दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी पिंपळगावला फोन केला होता, आणि बाईंनी त्या कुत्रीला पाहिलंही नव्हतं. ते माझ्या काउंटरशी उभे राहून मला हेच सांगत होते तेव्हा लताबाई आली. पायरीवरच बसली. डोकं वर न करता म्हणाली, "टिळा मी लावला. सकाळ झाली असती तर मारली असती ना तिला. मी औषध इथूनच नेलं. ताईला सांगितलं, तोंड आलंय." मला आठवलं. तोंड आलं की तेच जांभळं औषध लावतात, मी दिलं होतं आणि विसरलेही होते. "मला वाटलं," लताबाई म्हणाली, "टिळ्यालाच सगळे भ्यात्यात."

मी काहीतरी कडू बोलणार होते. डॉक्टरांनी हात वर केला. "तुला चावली का? ओरखडा?" तिनं मनगट पुढं केलं. त्यांनी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. दोघांनीही तिथं सुया घेतल्या, आणि पुढच्या खेपांनाही ते तिला असेच घेऊन गेले. सुईच्या नावानं ती रडायची. ते तिला अहिराणीत समजवायचे. म्हणजे लताबाईही आता त्यांच्या शेळ्यागाढवांत जमा झाली होती म्हणायची.

वस्तीत मात्र प्रश्न उठला. टिळा असलेलं कुत्रं पिसाळलं कसं? डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. लस थंड ठेवावी लागते, माझ्याकडून ती बाहेर राहिली असणार." त्याच दिवसापासून त्यांनी वस्तीतलं प्रत्येक कुत्रं पुन्हा टोचायला काढलं. पण आता कुत्री धरून द्यायला कुणी पुढं येईना. शेळ्यावाल्यांनीही तोंड फिरवलं. "त्याचं औषध कच्चं हाय," असं लोक त्यांच्या देखत बोलायचे.

मी भांडले त्यांच्याशी. "तिचं नाव सांगून टाका. तुमच्या एवढ्या वर्षांच्या कामावर बोळा फिरतोय."

"माझं नाव गेलं तर मी घरी जाऊन बसेन," ते म्हणाले. "लोकांनी हिला काढलं तर ही कुठं जाऊन बसेल? राहू द्या."

घरी काही बसले नाहीत. येतच राहिले. स्कूटर लावून वस्तीच्या तोंडाशी पिशवी उघडून बसायचे, आणि समोर कुणी नसायचं. लताबाई लांबून बघायची आणि आत जायची. टिळा लावणं त्यांनी सोडलं होतं. ते वाक्यही मी पुन्हा ऐकलं नाही. माझी काच स्वच्छ राहायला लागली, आणि मला ती बघवेना. पावसाळा संपता संपता त्यांचं हृदय थांबलं. घरी, खुर्चीत, चहा घेता घेता. लताबाई, मी आणि ते, तिघांत असलेली गोष्ट दोघींत राहिली.

वस्तीनं त्यांचा फोटो लावून छोटी सभा घेतली. वाईट कुणी बोललं नाही, पण एक म्हातारबा म्हणालेच, "मानूस देव होता. औषध तेवढं कच्चं निघालं."

मागच्या रांगेतून लताबाई उठली. "औषध कच्चं नव्हतं," ती म्हणाली. "चिंगीला सुई लागलीच नव्हती. टिळा मी लावला होता. डॉक्टर माझ्यासाठी खोटं बोलले." मग ती तशीच उभी राहिली, लोक काय करतील ते करू देत म्हणून. कुणी काही केलं नाही. शेजारची बाई तिच्यापासून जरा सरकली, एवढंच. त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही, आणि तिनं घर सोडलं नाही.

परवा, दिवाळीनंतर, वळणावर ती स्कूटर खोकली. खरं सांगते, मी हातातलं काम टाकून पायरीवर आले. कुत्री पटापट हातगाड्यांखाली गेली. भांडी घासणाऱ्या बायांचे हात थांबले. सगळी वस्ती वळणाकडे बघत होती. आल्या त्या पिंपळगावच्या डॉक्टरीणबाई. स्कूटर त्यांना डॉक्टरांच्या घरच्यांनी दिली होती. आवाज थांबला तरी कुत्री बाहेर आली नाहीत, आणि आम्हीही कितीतरी वेळ बाईंच्या मागेच बघत राहिलो, जणू अजून कुणी उतरायचं आहे.

मग माणसांनी वाकून कुत्री ओढून काढायला सुरुवात केली. लोक पुन्हा कुत्री धरून देत होते. बाईंनी माझ्याकडून जांभळ्या औषधाची बाटली मागून घेतली आणि ती लांब उभ्या असलेल्या लताबाईच्या हातात दिली. "मावशी, टिळा तुम्ही लावा."

लताबाईनं अंगठा ओला केला. पहिलं कुत्रं टोचून झालं होतं. तिनं स्वतः, अगदी वाकून, सुई आत जाताना पाहिली होती. तरी अंगठा कपाळाजवळ नेऊन ती थांबली.

"मॅडम, सुई दिली ना?"

"दिली, मावशी."

"खरंच दिली ना? तोंडानं सांगा."

"दिली. खरंच दिली."

मग तिनं टिळा टेकवला. पुढच्या कुत्र्याला पुन्हा तोच प्रश्न, आणि त्याच्या पुढच्यालाही. बाई प्रत्येक वेळी न कंटाळता उत्तर देत होत्या. उन्हं उतरेपर्यंत ते चाललं होतं. पायरीवर उभी राहून मी वाट बघत होते की लताबाई डॉक्टरांचं ते वाक्यही म्हणेल, वर्षभर भ्यायचं नाही म्हणून. तिनं ते एकदाही म्हटलं नाही.