वीतभर जागा
परवा घरासमोरच्या नाक्यावर सिमेंट कालवलं आणि त्या ओल्या वासानं नगरपरिषदेतली एक दुपार आठवली. सत्तरचं दशक सरत आलं होतं, बांधकाम समितीवर मी एकटीच बाई. बाहेरून कापसाच्या बैलबंड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि खिडकीतून आलेले तंतू आमच्या चहावर बसत होते. वस्तीतल्या प्रत्येक उघड्या विहिरीवर स्लॅब टाकायचा, असा नियम आम्ही करत होतो. हरकत घ्यायला मजुरी करणारी एकच बाई आली. म्हणाली, "माही पोरगी त्या नाक्यावरच्या इहिरीत गेली. बंद केली त तिले अंधारात भेव लागन." कोणी हसलं नाही. अध्यक्ष हळूच म्हणाले, "बाई, उद्या दुसऱ्या कोणाचं लेकरू पडलं त?" तिनं हाताची वीत करून दाखवली. "एवढी जागा ठेवा. यातून लेकरू पडत नाई, पण आवाज जाते." नियमात ते बसत नव्हतं, तरी आम्ही त्या विहिरीच्या स्लॅबला तेवढं भोक ठेवलं. पुढं कितीतरी वर्षं ती कामावरून परतताना तिथं वाकून बोलत बसायची, आणि मधेच थांबून ऐकल्यासारखं करायची. आता तीही नाही. परवा रस्ता रुंद करणाऱ्या माणसानं घमेलं हातात धरून मला विचारलं, "आजी, हे भोक बुजवून टाकू का?" असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी त्याला थांबवलं, गुडघे धरून खाली वाकले आणि आत सांगितलं, "बेटा, आता अंधार होईन. भिऊ नको."