प्रणामबाबूंच्या रजिस्टरातली कोरी जागा

पॅनेलचं दार उघडण्याआधी प्रणामबाबू घड्याळ आणि अंगठी काढून खिशात ठेवत आणि दाराशेजारच्या तांब्याच्या पट्टीला दोन्ही हात क्षणभर टेकवत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, माणूस देवळाच्या उंबऱ्याला हात लावतो आहे. म्हणून कारखान्यानं त्यांचं नावच प्रणामबाबू ठेवलं आणि खरं आडनाव हजेरीपटापुरतं उरलं. मी नवी होते तेव्हा विचारलंही होतं, "काका, रोज नमस्कार करता?" ते म्हणाले, "नमस्कार काहून करीन जी? अंगातली वीज उतरवून राहिलो. बोटाची एवढीशी ठिणगी आपल्याला समजत नाही, पण आतलं कार्ड मरते."

जबलपूरबाहेर भट्टीच्या विटा करणारा तो कारखाना. चार-पाच तऱ्हेची माती मापानं घेऊन मिसळायचं काम एक जुनी पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, करायची, आणि तिचा मेंदू म्हणजे विटेएवढं एक प्रोसेसर मॉड्यूल. ते बनवणं कंपनीनं कधीच सोडलं होतं. सुटे भाग भिलाईच्या एका दुकानदाराकडे मिळत. छत्तीसगड वेगळं झाल्यावर प्रणामबाबू म्हणू लागले, "आता आपण परदेशातून सामान मागवून राहिलो." नवी पीएलसी घ्यायची चर्चा दरवर्षी होई आणि दरवर्षी ते हसून म्हणत, "म्हाताऱ्याला खायला द्या, झोपू द्या, तो काम करते."

ते जबलपुरातल्या गढ़्याचे, मी राइट टाउनची. त्या शेडमध्ये घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. चारचौघांत ते मला 'मॅडमजी' म्हणत आणि पॅनेलपाशी आम्ही दोघंच असलो की 'बेटा'. मी नुकतीच इंजिनियर झालेली, आणि त्यांची आयटीआय. हा फरक त्यांना कधी जाणवला नाही. मला रोज जाणवायचा, हे आज कबूल करते.

त्यांचा सगळा जीव त्या मॉड्यूलमधल्या सेलवर होता. वीज असेतो प्रोग्राम आत सुखरूप राही. वीज गेली की तो सांभाळायला तेवढा एक सेलच. म्हणून सेल बदलायचा तो पॅनेल चालू असतानाच. बाकी कारखान्याचा नियम बरोबर याच्या उलटा होता: बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. प्रणामबाबूंनी दाराच्या आतून स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली होती, 'चालू असतानाच सेल बदलावा.' शेजारी दोऱ्यानं बांधलेलं रजिस्टर. त्यात तीन रकाने: तारीख, काढलेल्या सेलचे व्होल्ट, आणि कोणी बदलला. बारा-तेरा वर्षांच्या नोंदी, सगळ्या त्यांच्याच सहीच्या, एकही चुकलेली नाही.

त्या वर्षी विश्वकर्मा पूजा, कारखान्यातली यंत्रांची पूजा, पितृपक्षात आली. वडिलांचं श्राद्ध थोरल्या भावाकडे गोंदियाला असायचं, म्हणून ते नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीनं पूजेच्या आदल्याच दिवशी निघाले. निघताना मॉड्यूलवरचा, सेल उतरत आल्याचा लाल दिवा लागलेला त्यांनी पाहिला होता. म्हणाले, "घाबरू नको बेटा, दिवा लागल्यावरही आठवडा निघते. मी परवा येऊन बदलतो. फक्त पूजेला हे पॅनेल बंद करू देऊ नको. फूल बाहेरून चिकटव. चाबी तुझ्यापाशी ठेव." नवा सेल त्यांच्या ड्रॉवरमध्येच होता.

पूजेच्या दिवशी नवे मॅनेजर साहेब म्हणाले, "सब बंद करो, आज मशीन भी आराम करेगी." इलेक्ट्रिशियननं माझ्याकडे पाहिलं. साहेबांसमोर 'हे एक चालू राहू द्या' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पॅनेल बंद झालं. एवढ्यानं काही बिघडलं नसतं, सेल होता. पण मग माझ्यातली इंजिनियर जागी झाली. मला वाटलं, बंद आहेच तर सेल आत्ताच बदलून टाकू, कॉलेजात हेच तर शिकवलं होतं. काका येऊन बघतील की पोरीनं काम करून ठेवलं. ती चिठ्ठी मी रोज वाचत होते. आयटीआयच्या माणसानं लिहिलेली म्हणून मनावर घेत नव्हते, एवढंच.

मी जुना सेल काढला आणि तेवढ्यात हाक आली, "मैडम, आरती!" लेडीज स्टाफमधली मी एकटीच, म्हणून ताट माझ्याच हातात हवं होतं. आरती झाली, कुंकू लावणं झालं, साहेबांचं भाषण झालं. परत आले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. नवा सेल बसवून पुरवठा सुरू केला आणि प्रोसेसरवर असा एक दिवा लागला, जो मी तोवर कधी पाहिलाच नव्हता. प्रोग्राम गेला होता.

शहाणपणा नडला हे कळायला मला वेळ लागला नाही. पण त्यापुढचं मी जे केलं ते घाईत झालं नाही, विचार करून केलं. नवा सेल काढून ड्रॉवरमध्ये परत ठेवला. जुनाच सेल पुन्हा आत बसवला, म्हणजे त्याचा लाल दिवा जसाच्या तसा दिसावा. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सर, सेल वीक था. बाबूजी बदलके नहीं गए." यातला शब्दन् शब्द खरा होता. खऱ्याचं इतकं खोटं करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी प्रणामबाबू आले, नुकतंच श्राद्ध केलेले. तांब्याच्या पट्टीला हात टेकवून त्यांनी सेल काढला, मीटर लावला. आकडा उतरलेला होता, पण प्रोग्राम सांभाळण्याइतका होता. मग सेल उजेडाकडे धरला, आणि मलाही दिसलं. वेष्टनावर कुंकवाचा ठसा होता, बोटाचा, स्वच्छ. गोंदियाला गेलेल्या माणसाच्या सेलवर पूजेचं कुंकू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रुमालानं तो ठसा पुसला, सेल खिशात टाकला, आणि साहेब आल्यावर म्हणाले, "गलती हमारी है साहब. बदलके जाना था."

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि संन्यासी स्वतःच फासाखाली जाऊन उभा राहिला.

सगळा प्रोग्राम त्यांनी कधीकाळी एका वहीत हातानं उतरवून ठेवला होता म्हणून कारखाना वाचला. चार दिवस आम्ही शेजारी शेजारी स्टुलावर बसलो. ते वाचत, मी प्रोग्राम आत भरायच्या पाटीएवढ्या यंत्राची बटणं दाबत होते. तिसऱ्या दिवशी मी एक पायरी चुकले. ते हळूच म्हणाले, "मागं जाऊन दुरुस्त कर बेटा. मागं जाता येते. यंत्र रागवत नाही, सांगितलं की ऐकते." आजूबाजूला कोणी नव्हतं. सांगायला याहून चांगली वेळ मला कोणी दिली नसती. मी मागं गेले, पायरी दुरुस्त केली आणि विचारलं, "पुढचं काय काका?"

त्या डिसेंबरात ते निवृत्त व्हायचे होते. आणखी दोन वर्षं त्यांना ठेवून घेण्याचं पत्र तयार होतं, हे मला माहीत होतं, कारण माझ्या टेबलावरूनच ते गेलं होतं. ते त्यांना मिळालं नाही. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "आखिर उम्र भी कोई चीज़ है." लोक सहानुभूतीनं हसले. मीही हसले. ती शाल, तो नारळ आणि ते हसणं आठवलं की आजही मान खाली जाते.

जाताना त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं. "आता सही तुझी. एक ओळ राहिली आहे, सवडीनं पाहून घे." मी उघडून पाहिलं. पूजेची तारीख त्यांनी लिहिली होती, काढलेल्या सेलचे व्होल्टही. 'कोणी बदलला' हा रकाना कोरा होता.

पुढच्या वर्षी मी सेल बदलला, चालू असताना, आणि त्या कोऱ्या जागेच्या खाली सही केली. वरची तशीच राहिली. त्यांच्यासमोरच भरायची म्हणून एका रविवारी रजिस्टर पिशवीत घालून गढ़्याला गेले. काका थकले होते, नजर कमी झाली होती. पहिलाच प्रश्न, "सेल बदलला?"

"बदलला काका."

"चालू असताना?"

"हो."

ते समाधानानं टेकून बसले. मी पिशवीत हात घातला होता. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "माफ करजा जी. यांच्या विसराळूपणापायी तुम्हाला चार दिवस तरास झाला म्हणे."

त्यांनी काकूंनाही खरं सांगितलं नव्हतं. माझा हात पिशवीतच राहिला. काका भिंतीकडे पाहत म्हणाले, "तिला चहा पिऊ दे ना. थंडा होऊन राहिला." मी चहा प्यायले. 'असू द्या काकू' म्हणाले. खरंच असं म्हणाले.

त्यानंतर दीड वर्षानं ते गेले. काकूही आता मुलीकडे असतात. काही वर्षांनी नवी पीएलसी आली, जुनं मॉड्यूल भंगारात निघालं. त्याच्याबरोबर चाललेलं रजिस्टर मी घरी घेऊन आले.

परवा ते काढून बसले आणि कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'पॅनेल बंद असताना.' सही केली. सहीखाली तारीख घालायची त्यांची सवय होती. पूजेची तारीख घातली असती तर तेही खोटंच झालं असतं, म्हणून लिहिलं त्या दिवसाची घातली. त्या रजिस्टरात उशिरा झालेली तेवढी एकच नोंद आहे.