तुझ्या हातची

नवऱ्याने ओहायोतल्या डब्लिनहून ड्राइव्ह करून आम्हाला केंटकीतल्या एका फार्महाउसवर आणलं, ते दोन दिवस आराम म्हणून. मागेच एक काळं, उंच कोठार होतं. आत तंबाखूची पानं उलटी टांगलेली. "मॉम, इट स्टिंक्स," म्हणत मुलगी दारातूनच परतली.

शेताचा मालक सत्तरीपुढचा, कमी बोलणारा. पानाला हात लावण्याआधी दर वेळी बोटं पँटला पुसायचा, ताटावर बसताना पुसावीत तशी. "आज धुकं आहे म्हणून ठीक," तो म्हणाला. "कोरड्या हवेत हात लावला तर नुसता चुरा होतो." आणि एक पान त्याने माझ्या हातात दिलं.

बोलता बोलता मी त्याचा तुकडा तोडला, डाव्या तळहातावर घेतला आणि अंगठ्याने मळायला लागले. वर दोन थापाही मारल्या. तेव्हा कुठे भानावर आले.

शाळेतून आले की बाबांची तंबाखू चुना लावून मीच मळून द्यायचे. "तुझ्या हातची बरोबर लागते," म्हणायचे. शेवटी शेवटी त्यांच्या तोंडात चमचाही जात नव्हता.

म्हातारा माझ्या हाताकडे बघत होता. "कुणासाठी करायचीस?"

"वडिलांसाठी. आता नाहीत."

ऑफिसात, पॉटलकच्या जेवणांना, सगळे पुढचा प्रश्न विचारतात, 'कशाने गेले?', आणि मी 'हार्ट' म्हणून मोकळी होते. म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला, माझा तळहात नीट पुसला.

"या गावात कोण कशाने गेलं, ते आम्ही विचारत नाही," तो म्हणाला.