इंगरबाईंच्या ओटीतलं पोर

इंगरबाई डेन्मार्कहून मिशनच्या नर्स म्हणून आल्या तेव्हा तिशीच्या होत्या. आम्ही १९६४ साली बोईसरकडे राहायला आलो तोवर त्यांचे केस पांढरे होऊ लागले होते. ह्यांची नोकरी वीजकेंद्राच्या बांधकामावर, आणि आमचं भाड्याचं घर मिशनच्या छोट्याशा इस्पितळाच्या कुंपणाला लागून. बाईंचं मराठी थेट कोळणींकडून उचललेलं. माझ्या बोलण्याचंच त्यांना हसू यायचं. "तुमी पुस्तकासारख्या बोलता," म्हणायच्या.

त्या वर्षी कोळीवाड्यातली जमना बाळंतपणाला आली. तिची आधीची तीन मुलं बारशाच्या आत गेली होती. चौथा मुलगा झाला, आणि नाळ कापून होते न होते तोच तिच्या सासूने, येसूबाईने, त्याला सुपात घालून इंगरबाईंपुढे धरलं. जिची मुलं जगत नाहीत तिचं मूल जन्मल्याबरोबर दुसरीच्या ओटीत घालायचं आणि बारशाला सूपभर तांदूळ देऊन परत घ्यायचं, अशी त्यांची रीत. मधले दिवस मूल त्या दुसरीचं. नशिबाला चकवायचं, दुसरं काय!

"तुलाच घ्यायला लागंल, बाय," येसूबाई म्हणाली. "इतकी वर्सं लोकांचीच काढतेस. एक तुझाबी होऊ दे!"

बायका हसल्या. इंगरबाई अवघडल्या. "आनि मी परत दिलाच नाय तर?"

"देशील. रातभर रडला की पळत आणून देशील."

जमनाचा नवरा महादू दाराशी उभा होता. तो म्हणाला, "रंग तेवढा माझ्यावर गेलाय. चालवून घे, बाय."

मिशनच्या मोठ्या डॉक्टरांना हे पटणार नव्हतं. पण खाटेवरून जमना अशी पाहत होती की बाईंनी एप्रनची ओटी केली.

जमना मुलाला पाजायची, पण 'बाईचा पोर' म्हणूनच. लाडाने कधी हाक मारली नाही. मारली असती तर सगळं फुकट गेलं असतं.

पोर अपुऱ्या दिवसांचं होतं. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी ते इंगरबाईंच्या हातातच गेलं.

मी तेव्हा तिथेच होते. येसूबाईने जमनाचा खांदा घट्ट धरला. "रडायचा नाय. तुझा नाय तो. रडलीस तर पुढचाबी जाईल." मग बाईंकडे वळून खालच्या आवाजात म्हणाली, "पोर तुझा हाय, बाय. तुझ्या देवाकडे ने."

मला वाटलं, बाई आता काही समजावतील. त्यांनी मुलाला पुसलं, धुतलेल्या कापडात गुंडाळलं. मिशनच्या दफनभूमीत महादूने खड्डा खणला आणि तो पाहुण्यासारखा लांब जाऊन उभा राहिला. बाईंनी प्रार्थना म्हटली. परत येऊन हात धुतले, सुया उकळायला ठेवल्या, एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलली.

"बाई, बसता का जरा?" मी म्हटलं.

"कशाला?" त्या म्हणाल्या. खरंच विचारत होत्या.

संध्याकाळी कोळणी त्यांच्या खोलीवर डाळ-भात घेऊन आल्या. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. माझ्याही पातेल्यात पिठलं होतं. त्यांच्यात जमनाही होती, वॉर्डातून उठून, शेजारणीसारखी समाचाराला आलेली. वाढायलाही तीच बसली.

"चार घास खा, बाय," ती म्हणाली. "तुझा गेला. आमाला कळतं."

इंगरबाईंनी घास घेतला आणि नुसत्या चावत राहिल्या.

तेवढ्यात वॉर्डात कुणाचं तरी मूल भुकेने रडू लागलं. जमना तशीच बसून होती, पळी हातात धरून. तिची चोळी दोन्हीकडून ओली होत गेली. तिने खाली पाहिलं नाही. येसूबाईने तोंड भिंतीकडे वळवलं.

इंगरबाई उठल्या. हात धुऊन कपाटातून रुंद पट्टा आणला आणि जमनाच्या मागे बसल्या.

"हात वर कर."

रोज कुणाची तरी बांधावी तशी त्यांनी तिची छाती आवळून बांधली आणि काखेखाली गाठ मारली.

"दुखंल थोडे दिवस. मंग थांबंल."

"काय थांबंल?"

"दूध," इंगरबाई म्हणाल्या आणि पुन्हा ताटावर येऊन बसल्या.

जमनाने पळी उचलून त्यांच्या भातावर डाळ वाढली.