नदीकाठचा डोंगेवाला

गडचिरोलीच्या जंगलात, नदीकाठच्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. पलीकडच्या गावाला पावसाळ्यात रस्ता नसे, फक्त एका डोंगेवाल्याचा डोंगा. काठावर तो कधी निवांत बसलेला दिसला नाही. येरझारा घालायचा, पाण्यात हात बुडवून बघायचा आणि चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "पोहता येते काय?"

एका सकाळी पूर चढत असताना तो एकटाच आला. पलीकडे एक बाळंतीण अडली होती.

"दवाई द्या बाई. तुमी नका येऊ."

"नुसत्या औषधानं काय होणार? मीच येते."

"पोहता येते काय?"

"नाही."

त्यानं दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या. धीर यायच्या ऐवजी मला धडकीच भरली. धारेत डोंगा दोनदा आडवा झाला. काठाला लागलो तेव्हा त्याच्या बोटांना गाठ सुटेना. शेवटी मीच ती सोडवली आणि धावले.

दुपारी बाळ रडलं. सांगायला आले, तर तो गुडघाभर पाण्यात उभा.

"मुलगी झाली, भाऊ. दोघी बऱ्या आहेत. तुम्हाला भीती वाटली होती ना?"

"लागते ना बाई भेव," तो म्हणाला. "रोजच लागते."