पांढऱ्या साडीवरचा रंग

धंतोलीत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत, औषधाच्या एका दुकानाला लागून दामिनी पराते यांचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि खिडकीजवळ एक स्टूल. नवीन बाई आली की दामिनीताई तिला आधी त्या स्टुलावर बसवतात, ट्यूबलाइट बंद करतात आणि नुसत्या गप्पा मारतात. माहेर कुठलं, सुना किती, गुडघे कसे आहेत. बाई बोलते, हसते, कपाळाला आठ्या घालते आणि चेहऱ्यावर कुठे कुठे घडी पडते ते दामिनीताई बघून घेतात. पन्नाशीनंतरचा चेहरा गप्प बसवून रंगवला, तर बाई हसल्याबरोबर रंगाला भेगा पडतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या स्वतः बावन्न वर्षांच्या. गोळीबार चौकातल्या विणकरांच्या घरातल्या. वडील शालिकराम यांचा हातमाग बंद पडला, तेव्हा दामिनीताईंनी ब्युटी पार्लरचा कोर्स केला. बरीच वर्षं नवरीमुलींचा मेकअप केला. मग रामदासपेठेत काचेच्या दारांची सलोन्स आली आणि मुली तिकडे गेल्या. मुलींच्या आया तेवढ्या दामिनीताईंकडे राहिल्या. दुसरी कोणी असती तर कुढत बसली असती. दामिनीताईंनी आयांचंच काम नव्याने शिकून घेतलं. उतरत्या वयाच्या कातडीला पावडर कमी आणि ओलावा जास्त लागतो. डोळ्यांवर चमकी लावली की ती सुरकुत्यांत जाऊन बसते. काळ्याभोर पेन्सिलीने भुवया काढल्या की बाई रागावलेली दिसते. हे सगळं त्या चुकत चुकत शिकल्या. शेजारच्या दवाखान्यांत उपचार घेणाऱ्या, भुवया गळून गेलेल्या बायकाही त्यांच्याकडे येऊ लागल्या. त्यांच्या भुवया काढताना ताई दार लावून घेतात आणि त्या वेळेत दुसरं गिऱ्हाईक घेत नाहीत.

तोंड मात्र फटकळ. एका बाईंनी म्हटलं, "दामिनी, दहा वर्षं तरी कमी करून दे वं."

"देतो की. मंग रात्री तोंड धुतल्यावर भाऊजीले तुमची ओळख कोण करून देईन?"

गेल्या उन्हाळ्यात लग्नसराईच्या दिवसांत पिंकी नावाची मुलगी आपल्या आईला घेऊन आली. पिंकी नागपुरात बँकेत नोकरीला, आई काटोलची. आईचं नाव प्रयागबाई. साठीला टेकलेल्या. सगळं आयुष्य संत्र्याच्या मंडीत, उघड्यावर, संत्री निवडण्यात गेलेलं. दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांगाचे काळपट डाग होते आणि त्याभोवतीची कातडी लालसर, पातळ झाली होती.

"ताई, तीन आठवड्यांनी लग्न आहे माझं," पिंकी म्हणाली. "आईला ब्लीच, फेशियल, काय लागेल ते करा. एकदम उजळ दिसली पाहिजे."

प्रयागबाई खाली बघत होत्या. दामिनीताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पिंकीला पाणी आणायला आत पाठवलं.

"तुम्हाले काय पायजे, प्रयागताई?"

"मले काई नाई पायजे, बाई. मी मांगच्या खुर्चीवर बसतो म्हटलं, तर पोरगी आयकत नाई." मग खालीच बघत त्या म्हणाल्या, "साक्षगंधात, लग्न पक्कं झालं त्या दिवशी, त्यायच्याकडची एक बाई म्हणे, पोरगी कशी उजळ आहे, अन् माय पाहा. माह्या कानानं आयकलं मी."

पाण्याचा ग्लास घेऊन आलेल्या पिंकीने बाकीचं सांगितलं. त्यांचं लग्न बौद्ध पद्धतीचं. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे दोघांच्या आया मिळून मेणबत्ती लावणार, हे दोन्ही घरांनी ठरवलेलं. वडील आता नाहीत. आणि आई म्हणते की तिच्याऐवजी काकूने पुढे यावं.

"आई मागे बसली तर मला ते लग्न आपलं वाटणार नाही," पिंकी म्हणाली. ती रडली नाही, पण ग्लास हातातच धरून उभी राहिली.

दामिनीताईंनी प्रयागबाईंच्या गालावर बोट टेकवलं, तशा त्या दचकल्या. "आग होते?"

"होते. क्रीम लावलं की बरं वाटते." त्यांनी पिशवीतून एक ट्यूब काढली. गजकर्णावर लावायची. कोणीतरी सांगितलं, ती लावल्याने चेहरा उजळतो. त्या वर्षानुवर्षं रोज लावत आल्या होत्या.

ताईंनी ट्यूब वाचली. तिच्यात कातडी पातळ करणारं स्टेरॉइड होतं. त्यांनी ती परत दिली. "मी यायच्या तोंडाले हात नाई लावत. ब्लीच नाई अन् फेशियलही नाई. आधी समोरच्या माडीवर चामडीच्या डॉक्टरीणबाई आहे, तिकडे जा."

"ताई, तीन आठवडे राहिलेत फक्त. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, रामदासपेठेत करून घेते."

"करून घे. पण ब्लीचनं हे तोंड भाजून निघालं, तं लग्नात कोणाले उभं करशीन वं?"

पिंकीला राग आला, पण आईला घेऊन ती माडी चढली. डॉक्टरांनी ट्यूब बंद करायची पद्धत सांगितली, साधं मलम दिलं, उन्हात जाताना सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि डाग एवढ्यात जाणार नाहीत हेही सांगून टाकलं. ट्यूब सुटल्यामुळे पहिल्या आठवड्यात प्रयागबाईंचा चेहरा आणखी लाल झाला. पिंकीचे फोन येत होते, आवाज चढलेला असायचा. दामिनीताई ऐकून घेत होत्या. मनातून त्यांनाही धास्ती होती. आपल्या सांगण्यावरून त्या बाईने मुलीच्या लग्नाआधी लालबुंद तोंड घेऊन बसावं, ही साधी गोष्ट नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात लाली उतरली. दामिनीताईंनी मेकअप करून पाहायला बोलावलं. प्रयागबाई मरून साडी नेसून आल्या होत्या. ताईंनी आधी मलम जिरू दिलं, डागांवर त्यांचा काळेपणा दबवणारं नारिंगी क्रीम अगदी थोडं थापलं आणि वरून फाउंडेशन लावलं. ते निवडताना पिंकीच्या आग्रहाने आणि थोडं स्वतःच्या हौसेने त्यांनी एक छटा उजळ घेतली. मरून साडीवर ते खुललं. प्रयागबाईंनी आरशात बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "बरी दिसून राहिली मी."

"मंग मेणबत्ती लावसान?"

"पाहू."

पाहू म्हणजे होकार, असं पिंकीने धरलं आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला.

लग्न सकाळचं होतं. दामिनीताई हॉलवर वेळेत पोचल्या, वरच्या खोलीत ठरल्याप्रमाणे सगळं केलं आणि मग प्रयागबाई आत जाऊन साडी नेसून आल्या. पांढरी शुभ्र, बारीक निळ्या काठाची. दामिनीताईंच्या हातातला ब्रश तसाच राहिला. पांढऱ्या कापडाशेजारी तो उजळ केलेला चेहरा राखेसारखा दिसत होता. मान गव्हाळ, हात सावळे आणि मधे राखाडी मुखवटा. आजवर त्यांनी सजवलेल्या आया हिरव्या, लाल, जांभळ्या पैठण्यांतल्या. बौद्ध लग्नात पांढरं नेसतात हे नागपुरात वाढलेल्या त्यांना पुरतं माहीत होतं. पण चेहरा करताना साडी कोणती हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रयागबाईंनी आरशात पाहिलं. पदराचं टोक उचलून गालाकडे नेलं आणि म्हणाल्या, "काकूले बोलाव वं पिंकी. मी मांगंच बरी."

"पदर खाली ठेवा, ताई, डाग पडतीन," दामिनीताई म्हणाल्या. "तुमच्या तोंडात काई खराबी नाई. चूक माही आहे. मी साडी विचारली नाई, अन् पोरीचं आयकून रंग उजळ घेतला. मले थोडा वेळ द्या."

"लग्न लावायला भंतेजी आले खाली," पिंकी म्हणाली.

"येऊ दे. त्यायले पाणी पाज."

तेलात भिजवलेल्या कापसाने त्यांनी सगळं पुसून काढलं. जोर न लावता, वरच्या वर, कारण कातडी अजून नाजूक होती. मग मलम लावलं, सनस्क्रीन लावलं आणि पुन्हा फाउंडेशनची डबी उचलली. तेव्हा प्रयागबाई म्हणाल्या, "जास्त नको थापू, बाई. मेणबत्त्या लावताना आमच्या इकडे कूलर-पंखे सारे बंद करतेत. ज्योत विझू नाई म्हणून. घामाघूम होतो माणूस."

दामिनीताईंनी डबी खाली ठेवली. हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. नारिंगी क्रीम त्यांनी फक्त सगळ्यात गडद डागांवर बोटाने टेकवलं, प्रयागबाईंच्या मानेच्या रंगाचं फाउंडेशन ओल्या स्पंजाने मोजक्या जागी लावलं, गालांवर आणि ओठांवर एकच विटकरी रंग बोटाने पसरला. भुवयांतल्या मोकळ्या जागा करड्या पेन्सिलीने भरल्या. पावडर नाकापुरती.

प्रयागबाईंनी आरसा जवळ ओढला. "वांग दिसून राहिली."

"दिसते थोडी. ते पुरी झाकतो म्हटलं तर पुन्हा राख होते. मले जे येते ते एवढंच आहे."

दाराशी पिंकी पांढऱ्या साडीत उभी होती. या वेळी तिने आईला काही सुचवलं नाही. प्रयागबाई उठल्या, पदर नीट केला आणि तिच्यासोबत खाली गेल्या.

दामिनीताई हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पंखे थांबले, कूलर बंद झाले आणि उकाडा सगळ्यांच्या अंगावर आला. नवऱ्या मुलाची आई भावनाबाई पुढे आल्या. त्यांच्या कपाळावरून पावडरचे ओघळ निघाले होते आणि त्या हातरुमालाने ते टिपत होत्या. प्रयागबाई त्यांच्याजवळ गेल्या. त्याही घामेजल्या होत्या, पण पुसावं लागेल असं तोंडावर काही नव्हतं. दोघींनी एकच मेणबत्ती धरली आणि ज्योत लागली.

फोटो काढणारा हात हलवून म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा मागे व्हा."

"काहून?" प्रयागबाई म्हणाल्या. "मी पोरीची माय आहे. तू हो मांगं."

पहिल्या रांगेत हशा पिकला. भावनाबाईही हसल्या. फोटो काढणारा दोन पावलं मागे सरकला आणि प्रयागबाई मेणबत्ती धरून, चेहरा सरळ वर करून, जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या.